चाक फिरवणारा दुसरा माणूस

खटाव तालुक्यातल्या आमच्या आजोळी गोठ्याच्या पडवीत हाताने फिरवायची कडबाकुट्टी होती. मोठं ओतीव लोखंडी चाक, चाकाच्या आऱ्यांना बसवलेली दोन वाकडी पाती आणि वैरण सारायला पुढे काढलेला पत्रा. आज्जा चाक फिरवायचा, आज्जी पत्र्यावरून कडबा आत सारायची. एकदा तिची बांगडी कडब्याच्या पेंढीत अडकली आणि हात आत ओढला जायला लागला. ती नुसतं "अवं" म्हणाली. चाक जागच्या जागी थांबलं. आज्ज्याने ते अर्धा फेरा उलटं फिरवलं, हात बाहेर आला, मनगटावर दोन ओरखडे होते. मग दोघांनी राहिलेला कडबा संपवला. त्या घटनेला घरात कुणी अपघात म्हणत नसे.

पुढे मामाने त्याच चाकाला पट्टा लावून दोन हॉर्सपॉवरची मोटर जोडली. आज्ज्याची सुटका झाली, कुट्टी दहा मिनिटांत व्हायला लागली. पण त्या दिवशी पडवीतून फक्त कष्ट गेले नव्हते. चाक फिरवणारा माणूस हा त्या यंत्राचा ब्रेकही होता. त्याला समोरच्याचा हात दिसत होता, आवाज ऐकू येत होता, चाक जड झालं तर हाताला कळत होतं. धट्टाकट्टा माणूस सलग काम करताना साधारण एक दशांश अश्वशक्ती लावू शकतो. म्हणजे दोन हॉर्सपॉवरची मोटर लावल्यावर चाकाला वीस माणसं लागली, आणि त्या विसातल्या एकाचंही आज्जीच्या हाताकडे लक्ष नव्हतं.

विजेच्या हत्यारांची गोष्ट मी इथून सुरू करतो, याला स्थानिक कारणही आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात जी पहिली शेतीची यंत्रं केली त्यांत लोखंडी नांगराच्याही आधी कडबा कापायचं यंत्र होतं. १९१० साली बेळगावची जागा सोडायची वेळ आली तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी त्यांना कुंडल रोड स्टेशनजवळ माळरान दिलं आणि त्याची किर्लोस्करवाडी झाली. औंध आज सातारा जिल्ह्यात, किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यात. या दोन जिल्ह्यांच्या गोठ्यांत यंत्र पहिल्यांदा शिरलं ते कुट्टीच्या रूपाने, असं म्हटलं तर फार चुकणार नाही. ते शिरलं तेव्हा त्याला मूठ होती आणि मुठीला माणूस होता.

मोटरवर चालणारी कुट्टी आजही बहुतेक घरांत बायकाच चालवतात. तिचं खरं धोक्याचं काम म्हणजे शेवटची मूठ. पेंढी लांब असते तोवर हात वैरण आत ओढणाऱ्या रुळांपासून दूर असतो. पेंढी संपत आली की उरलेला वीतभर चोथा आत ढकलायला हात पुढे जातो, आणि रुळाचे दाते वैरण आणि बोटं यांत फरक करत नाहीत. मक्याचं किंवा उसाचं ओलं वाडं असेल तर त्याचं पान मनगटाला वेढा घालतं आणि दोरीसारखं ओढतं. म्हणून शेवटची मूठ हाताने नाही, पुढच्या पेंढीने सारायची. सगळ्यात शेवटी जी उरेल ती तशीच गव्हाणीत टाकायची. म्हैस चार लांब काड्या खाते, तिची तक्रार नसते. पत्र्याचा रुळाकडचा भाग वरून झाकलेला असतो तो एवढ्याचसाठी. हात खांद्यापासून लांब केला तरी बोटं रुळाला लागू नयेत असा त्याचा हिशोब असतो. वैरण अडकते, काढायला अडचण होते, म्हणून पहिल्याच आठवड्यात ते झाकण निघतं. रूळ उलटे फिरवायचा दांडा असतो, तो गंजून बसतो. तोच दांडा आज्ज्याच्या त्या अर्ध्या उलट्या फेऱ्याच्या जागी आलेला आहे हे लक्षात घेतलं तर त्याला महिन्यातून एकदा तेल घालायला कुणी कंटाळणार नाही.

मळणीयंत्रांत हात जायला लागले तेव्हा देशात त्यासाठी धोकादायक यंत्रांचा कायदा झाला, १९८३ साली. त्याआधीचा १९४८ चा कारखाना कायदा यंत्राचे फिरते भाग झाकायला सांगत होताच, पण तो मूळचा दहा कामगारांपासून पुढच्या कारखान्यांसाठी होता. गोठ्यात कामगार नसतात. तिथे आज्जी असते.

आता लाईटचं. कोयनेचं पाणी १९६२ पासून वीज करायला लागलं. आज त्या प्रकल्पाची क्षमता १९६० मेगावॅट आहे आणि त्याचं धरण सातारा जिल्ह्यातच आहे, तरी आमच्या पिढीने भारनियमन भरपूर भोगलं. भारनियमनाने एक वेगळाच धोका शिकवला. काम चालू असताना लाईट जाते. माणूस हातातला ग्राइंडर खाली ठेवतो, चहाला जातो. ग्राइंडरचा खटका पुढे सरकवून अडकवलेला असतो, तो मागे घ्यायचा राहतो, कारण यंत्र बंदच आहे ना! अर्ध्या तासाने लाईट येते आणि फरशीवर पडलेलं ते यंत्र उंदीर चावल्यासारखं उड्या मारायला लागतं. मी हे कराडजवळच्या एका शेडमध्ये प्रत्यक्ष पाहिलं आहे. तिघे जण टेबलावर चढले होते आणि चौथा बोर्डाकडे पळत होता. नंतर सगळे हसले. हसायला सगळे जागेवर होते म्हणून हसले.

मोटरच्या स्टार्टरमध्ये याच्यावर जुनी आणि सुंदर युक्ती आहे. हिरवं बटण दाबलं की आतल्या कॉइलचा लोहचुंबक होतो आणि तो पट्ट्या धरून ठेवतो. लाईट गेली की चुंबकपणा गेला, पट्ट्या सुटल्या. लाईट परत आली तरी कुणीतरी येऊन बटण दाबेपर्यंत मोटर गप्प. शेतातल्या पंपाला आपण ऑटो बसवतो, कारण रात्री दोनला लाईट येणार आणि उठून जाणार कोण! पंपापुरतं ते ठीक. कुट्टी, लाकूड कापायची रंधा-करवत, दळायचं यंत्र, यांतलं काहीही ऑटोच्या लाइनवर किंवा नुसत्या भिंतीवरच्या बटणावर जोडू नये. स्टार्टर महाग वाटत असेल तर मग निदान एवढं: लाईट गेली की आधी पिन काढायची, मग चहा.

हातात धरायच्या यंत्रांत ड्रिलचा बंदुकीसारखा घोडा हा त्यातला सगळ्यात शहाणा शोध म्हणायला हवा. विजेवर चालणारं हातातलं ड्रिल स्टुटगार्टच्या फाइन कंपनीने १८९५ साली केलं. पिस्तुलाची मूठ आणि बोटाखालचा खटका मात्र त्यानंतर वीस-बावीस वर्षांनी अमेरिकेत ब्लॅक अँड डेकरच्या ड्रिलवर आला. बोट सुटलं की यंत्र थांबलं. ड्रिलला दुसरी भीती असते ती पत्रा किंवा पट्टी आरपार निघतानाची. बिट पलीकडे जाता जाता अडकतं आणि मग बिट फिरायचं थांबून माणूस फिरायला लागतो. खोक्यातून येणारी बाजूची मूठ त्याच क्षणासाठी असते. आणि ड्रिलवर काम करताना हातमोजे नकोत, मफलर नको, खांद्यावरचा टॉवेल तर नकोच. ओरखडा परवडला, मोज्यासकट बोट गुंडाळलं जाणं परवडत नाही.

पण ज्या यंत्राने कुपवाड, पलूस, विटा, तासवडे इथली शेकडो फॅब्रिकेशनची दुकानं चालतात ते म्हणजे ग्राइंडर. गेट, ग्रिल, द्राक्षबागेचे लोखंडी अँगल, ट्रॉलीचे सांगाडे, सगळं त्याच्याखालून जातं. अशा कुठल्याही दुकानात कोपऱ्यात बघा. भंगाराच्या ढिगात अर्ध्या चंद्राच्या आकाराची चार-पाच लोखंडी झाकणं पडलेली दिसतील. ती गार्डं. यंत्राबरोबर आली, पहिल्या दिवशी निघाली. का, विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं. "बारक्या जागंत जात न्हाई वो. आन् आत्तापतूर काय हुतंय?"

त्या प्रश्नाचं उत्तर आकड्यांत देता येतं. पाच इंची ग्राइंडर मिनिटाला सुमारे ११,००० फेरे मारतो. चकतीचा व्यास १२५ मिलिमीटर, म्हणजे तिची कड सेकंदाला ७२ मीटर जाते. ताशी २५९ किलोमीटर. बहुतेक चकत्यांवर कमाल वेग छापलेला असतो, सेकंदाला ८० मीटर. इथवर सगळं हिशोबात आहे. आता गार्ड काढल्यावर त्याच यंत्रावर सात इंची चकती बसते. दोन्ही चकत्यांचं मधलं भोक एकाच मापाचं असतं, अडवणारं असतं ते फक्त गार्ड. मोठी चकती खोल कापते, लवकर कापते, कारागीर खूश. पण तिच्यावर छापलेलं असतं ८,५०० फेरे, आणि यंत्र देतं ११,०००. कडेचा वेग होतो सेकंदाला १०३ मीटर, ताशी ३७० किलोमीटरच्या वर. फिरणाऱ्या चकतीला आतून फाडणारा ताण वेगाच्या वर्गाने वाढतो. त्यामुळे वेग सव्वा-दीड पट झाला की ताण दीडपटीहून पुष्कळ वर जातो.

लगेच फुटेल असं नाही. खरी अडचण तीच आहे. चकती करणाऱ्याने पोटात थोडं जास्तीचं बळ ठेवलेलं असतं, म्हणून ती एकदा चालते, दहादा चालते, आणि "काय हुत न्हाई" हे वाक्य पक्कं होत जातं. मग एक दिवस अशी चकती हातात येते जी टेबलावरून एकदा पडलेली होती, किंवा पाटणच्या पावसाळ्यात भिंतीला टेकून चार महिने ओल पीत होती. ही चकती म्हणजे घासणारे कण, राळ आणि मध्ये काचतंतूंची जाळी. राळ ओल धरते, जुनी होते. म्हणून चकतीच्या मधल्या पत्र्याच्या कडीवर बारीक अक्षरांत महिना आणि वर्ष ठोकलेलं असतं. औषधाच्या गोळीवर बघतो तसं ते बघायचं असतं. आमच्या ओळखीच्या एका दुकानदाराने ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो म्हणाला, "आयला, मला वाटलं ह्यो माल नंबर हाय."

टेबलावर बसवलेल्या, धार लावायच्या जाड दगडी चाकाची परीक्षा वेगळी आहे आणि ती बाजारात मडकं घेणाऱ्या कुठल्याही बाईला येते. चाक बोटावर अडकवून लाकडी मुठीने हलकेच वाजवायचं. खणखणीत वाजलं तर शाबूत, बद्द वाजलं तर आत चीर. पातळ जाळीदार चकतीला मात्र हा नियम लागू नाही, ती नेहमी बद्दच वाजते.

चकती फुटण्यापेक्षाही जास्त वेळा होतं ते वेगळं, यंत्र उसळतं. पाइप दोन्ही टोकांना टेकवून मधोमध कापायला घेतला की शेवटी पाइप खाली वाकतो, काप मिटतो आणि चकती चिमटीत सापडते. चकती थांबते, यंत्र उडतं, बहुतेक वेळा मांडीकडे किंवा तोंडाकडे. कापायचा तुकडा नेहमी बाहेर लोंबता ठेवावा म्हणजे काप उघडत जातो. आणि स्वतः चकतीच्या रेषेत नाही, रेषेच्या बाजूला उभं राहावं. लाकूड कापायचं दात्यांचं पान ग्राइंडरला लावणारे लोक आहेत. त्यांना समजावण्याचा मी नाद सोडला आहे.

मिरजेत सतारमेकर गल्लीत गेलं की मला हे सगळं आठवतं. मिरजेच्या सतारी आणि तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ही वाद्यं करणारी घराणी मुळात शिकलगारांची, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार आणि झिलई देणाऱ्यांची. एकोणिसाव्या शतकात शस्त्रांचं काम आटलं तेव्हा फरीदसाहेबांसारखे कारागीर भोपळ्याकडे वळले. त्यांचं जुनं धारेचं चाकही दोघांचंच काम असे. एक जण वादी ओढून चाक फिरवायचा, दुसरा पातं धरायचा. ग्राइंडर हे त्याच चाकाचं पोर आहे, फक्त वादी ओढणारा माणूस त्यातून वजा झाला आहे.

डोळ्यांबद्दल थोडक्यात, पण आवर्जून. ठिणगी म्हणजे लोखंडाचा तापून लाल झालेला कण. तो बुबुळावर रुतला की काही तासांत गंजायला लागतो आणि कणाभोवती तपकिरी कडं तयार होतं. कण निघाला तरी कडं राहतं, ते वेगळं काढावं लागतं. दुकानात एक जण असतो जो काडीच्या टोकाला कापूस लावून, नाहीतर टॉवेलच्या टोकाने "काढून देतो". वान्लेस साहेबांनी १८९४ साली दवाखाना सुरू केल्यापासून मिरज हे डॉक्टरांचं गाव आहे. तिथून आठ-दहा किलोमीटरवर बसून काडीने डोळा साफ करून घेणं हे मला कधी कळलेलं नाही. साधा चष्मा पुरत नाही, कण बाजूने येतात. बाजू झाकणारा गॉगल साध्या चकत्यांच्या एका पाकिटाएवढ्या पैशात येतो.

आता करंट. फिरणारं यंत्र निदान दिसतं.

लोक म्हणतात करंट माणसाला "धरून ठेवतो". ते खरं आहे, पण धरणारा करंट नसतो, आपलाच हात असतो. मूठ मिटणारे स्नायू मूठ उघडणाऱ्या स्नायूंपेक्षा ताकदवान असतात. बाहेरची वीज दोन्हींना एकदम आवळायला लावते आणि मिटणारे जिंकतात. कॅलिफोर्नियात चार्ल्स डॅल्झिएल नावाच्या प्राध्यापकाने स्वयंसेवकांवर मोजून पाहिलं की किती करंटपर्यंत माणूस हातातली तार सोडू शकतो. पुरुषांची सरासरी निघाली १६ मिलिअँपिअर, बायकांची साडेदहा. अँपिअरचा हजारावा भाग म्हणजे मिलिअँपिअर. पन्नास-शंभर मिलिअँपिअर छातीतून गेला तर हृदयाचा ताल बिघडू शकतो. घामेजलेल्या, अनवाणी माणसाच्या शरीराचा रोध हजार ओहमच्या आसपास धरला तर २३० व्होल्टला त्यातून सव्वादोनशेच्या वर मिलिअँपिअर जातील.

आणि बोर्डावरचा फ्यूज? तो पाच अँपिअरचा. म्हणजे पाच हजार मिलिअँपिअर. माणूस मरायला लागतो तो करंट याच्या एक-दोन टक्केच, त्यामुळे फ्यूजला काही कळतच नाही. फ्यूज आणि एमसीबी वायरला वाचवतात, घराला आगीपासून वाचवतात. माणूस त्यांच्या हिशोबात नाही.

माणसासाठी पहिली सोय म्हणजे तिसरी पिन. पिनटॉप हातात घेऊन बघा, वरची पिन बाकी दोघींपेक्षा लांब आणि जाड असते. आत जाताना ती सगळ्यात आधी टेकावी आणि निघताना सगळ्यात शेवटी सुटावी म्हणून. यंत्राचं लोखंडी अंग जमिनीला बांधून मगच त्यात वीज सोडायची, असा तो क्रम आहे. कुट्टीची मोटर, पाण्याची मोटर, वेल्डिंग मशीन, कूलर, यांना ही पिन जोडलेली हवीच, आणि ती ज्या अर्थिंगला जाते त्या खड्ड्यात ओल हवी. माणदेशात उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा हाडासारखा कोरडा पडतो, तिथे घागरभर पाणी ओतणं हेही यंत्राच्याच देखभालीत येतं. पिनटॉपच नसेल आणि दोन वायरी सोलून बोर्डात खुपसून वर काडेपेटीतल्या काड्या ठोकल्या असतील, तर मग अर्थिंग मागे कुठेतरी लोंबत असतं.

हल्लीच्या ग्राइंडर-ड्रिलना मात्र दोनच पिना असतात, आणि ती फसवणूक नाही. अंगावरच्या पट्टीत चौकोनात चौकोन अशी खूण असेल तर आत दुहेरी आवरण आहे, त्याला अर्थिंग लागत नाही. फक्त हे आवरण कोरड्या यंत्राचं. फरशी कापायच्या कटरवर आपण पाण्याची धार सोडतो, ती हळूहळू आत जाते. आणि सांगलीत तर पाणी स्वतःच यंत्राकडे येतं. २००५, २०१९, २०२१, कृष्णेच्या प्रत्येक पुरानंतर पेठेतल्या दुकानांतून चिखलाने भरलेली यंत्रं बाहेर निघाली, उन्हात वाळत पडली. वरून कोरडं दिसणारं यंत्र आत कोरडं असेलच असं नाही. गाळातले क्षार वायंडिंगवर बसतात आणि पुढे हवेतली ओल धरून करंटला वाट करून देतात. वायंडिंगवाल्याकडे नेऊन उघडायचं, स्वच्छ पाण्याने धुवायचं, भट्टीत वाळवायचं आणि मेगर लावून आवरणाचा रोध मोजायचा. निदान एक मेगओहम दाखवत नसेल तर ते हातात घ्यायचं नाही, मग ते कितीही फिरत असो.

या सगळ्यांवर जो शेवटचा पहारा आहे त्याला आपल्याकडे कुणी ईएलसीबी म्हणतं, कुणी आरसीसीबी. त्याचं काम माणदेशातल्या मेंढपाळाला लगेच कळेल. सकाळी वाड्यातून किती मेंढरं गेली आणि संध्याकाळी किती आली, एवढंच तो मोजतो. कमी पडलं तर कुठे गेलं ते नंतर, आधी फाटक बंद. फेजमधून जेवढा करंट गेला तेवढा न्यूट्रलमधून परत यायला हवा. तीस मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे तेवढा करंट कुणाच्या तरी अंगातून जमिनीत चालला आहे असं समजून सेकंदाच्या लहानशा अंशात तो लाईन तोडतो. त्याला अर्थिंगचीही गरज लागत नाही. फेज आणि न्यूट्रल अशा दोन्ही तारा दोन हातांनी धरल्या तर मात्र मेंढरं पूर्ण भरतात आणि तो गप्प बसतो.

त्याच्यावर एक छोटं बटण असतं, टी लिहिलेलं. महिन्यातून एकदा ते दाबायचं असतं, नाहीतर आतला खटका बसून जातो. आमच्या घरी मी एक तारखेला दाबतो. घरभर अंधार होतो, फ्रीज थांबतो, आणि आतल्या खोलीतून मालिका बघणाऱ्यांचा जो आवाज येतो त्यावरून यंत्रणा नीट चालू असल्याचं समजतं.